मागच्या जिन्यावरची खोली

(दृश्य: चर्चच्या मागचा अरुंद जिना. वर एक दार.)

जर्मनीतल्या लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट चर्चच्या आवारात अशी एखादी खोली असतेच. एरवी इथं रविवारी मुलं चित्रं रंगवतात. आता इथं खाट आहे, विजेची शेगडी आहे, खिडकीच्या दांडीवर वाळणारे मोजे आहेत. भिंतीवरचं बायबलमधल्या नोहाच्या तारवाचं चित्र तेवढं काढायचं राहून गेलंय. इथं उतरलेला माणूस आवाराच्या फाटकाबाहेर पडत नाही.

याला तिकडे 'किर्खेनआझ्यूल' म्हणतात. परत पाठवलं जाण्याची भीती असलेल्या निर्वासिताला चर्चमध्ये दिलेला आसरा. 1983 साली बर्लिनमधल्या एका प्रोटेस्टंट चर्चनं ही वाट पाडली. गेली कित्येक वर्षं तिचं गणित युरोपीय संघाच्या डब्लिन नियमावर चालत आलं: माणूस युरोपात ज्या देशातून शिरला, बहुतेकदा त्या देशानंच त्याचा आश्रयाचा अर्ज बघायचा. त्याला त्या देशात परत पाठवायला मुदत साधारण सहा महिने. मुदत टळली, की अर्ज जर्मनीतच चालणार.

यात लपवाछपवी नाही, हे आधी सांगायला हवं. माणूस आत आला की चर्चची मंडळी सरकारी खात्याला स्वतःच कळवते. पोलिसांना आत शिरायला कायद्याची आडकाठी नाही. बहुधा ते शिरत नाहीत, एवढंच.

(दृश्य: स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला पाळ्यांचा कागद. काही नावं खोडलेली.)

पहिल्या आठवड्यात केक घेऊन सगळेच येतात. चौथ्या महिन्यात, बाहेर बर्फ साचलेलं असताना, सोमवारची पाळी कोणाची यावरून कुरबुर होते. दात दुखला तर डॉक्टरला इथंच बोलवावं लागतं. आणि जर्मन शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिका व्याकरणाच्या बाबतीत कोणाची गय करत नाहीत.

(दृश्य: जुनं कृष्णधवल चित्रीकरण. हातगाड्यांवर गाठोडी.)

हे अंगवळणी कुठून पडलं? 1947 साली स्वीडनमधल्या लुंड शहरात लुथरन वर्ल्ड फेडरेशन स्थापन झालं, तेव्हा जगातल्या दर सहा लुथरनांमागे एक जण निर्वासित होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीच्या तेव्हाच्या पूर्व भागातून, म्हणजे पूर्व प्रशिया, पोमेरानिया, सायलेशिया इथून घरदार सोडून निघालेली यातली बरीच माणसं. म्हणजे पहिली मदत घरच्यांनाच होती. पुढे ती घराबाहेर गेली. केनियातल्या काकुमा छावणीत 1992 मध्ये सुदानच्या युद्धातून पळालेली मुलं आली, तेव्हापासून फेडरेशन तिथं आहे, शाळा चालवतं. वर्गातल्या मुलांना लुथर कोण हे ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि कोणी विचारतही नाही.

(दृश्य: पुन्हा तीच खोली. खाट रिकामी. मग रेल्वे स्टेशन.)

सहा महिने सरले. आज आश्रयाच्या अर्जाची मुलाखत आहे. त्या शिक्षिका सोबत निघाल्यात. आत बोलायचं त्यालाच आहे, त्या नुसत्या शेजारी बसणार. डब्यात बसल्या बसल्या त्या त्याच्याकडून क्रियापदं घोकून घेतात. पर्समध्ये परतीची तिकिटं आहेत. दोन.