सेफ्टी रेझर घेतलाय ना? मग दाबू नका!

नमस्कार मंडळी! आधी माझी हनुवटी बघा. (कॅमेऱ्याजवळ येतो) इथे, गळ्यावर, कुठेच कापलेलं नाही. हे दाखवायचं कारण म्हणजे मागच्या व्हिडिओखालच्या कमेंट. "दादा, तुमचं ऐकून सेफ्टी रेझर घेतला, गळ्याची पार वाट लागली." अशा इतक्या आल्यात की आज फक्त त्यावरच बोलू. सेफ्टी रेझर म्हणजे एकच दुधारी ब्लेड घालायचा तो साधा रेझर.

बाकीचं पटकन उरकतो. आंघोळीनंतर दाढी करा, केस मऊ असतात. ब्रश भिजवा, साबणावर फिरवा, फेस करा. बोअरिंगच्या पाण्याला फेस धरत नसेल तर वाटीभर फिल्टरचं पाणी घ्या. झालं.

आता खरं दुखणं. तुम्ही दाबताय. नाही नाही, दाबताय. सगळे दाबतात, कारण कार्ट्रिजने, म्हणजे पात्यांचं अख्खं डोकंच बदलायच्या रेझरने, आपल्याला तीच सवय लावली आहे. त्याचं डोकं हलतं, गालाचा उतार आला की ते आपोआप वळतं. तुम्ही झोपेत हात फिरवला तरी चालतं. १९९८ मध्ये तीन पात्यांचा रेझर आला, २००६ मध्ये पाच पात्यांचा. पुढचं पातं केस ओढतं, मागचं कापतं, आणि केस कातडीच्या खालीच तुटतो. पुढे वाढताना तो आतच वळला की गळ्यावर फोड येतात. मी कार्ट्रिज सोडलं ते त्या फोडांमुळे. पैसे वाचतात हे खरंच आहे, चार कार्ट्रिजच्या किमतीत दोन वर्षांची ब्लेडं येतात. पण फोड गेले याचा आनंद मोठा.

सेफ्टी रेझरचं डोकं हलत नाही. किंग कॅम्प जिलेटला १९०४ मध्ये पेटंट मिळालं, तेव्हापासून मूळ रचना तीच: पातळ दुधारी ब्लेड, वर टोपी, खाली पट्टी. त्यामुळे कोन तुम्हालाच सांभाळावा लागतो. तो कसा मिळवायचा? टोपी गालावर टेकवा, दांडी गालापासून सरळ बाहेर. आता दांडी हळूहळू खाली आणा. ब्लेड केसांना लागल्याचं जाणवलं की थांबा. साधारण तीस अंश. कोनमापक घेऊन बसू नका. एकाने खरंच विचारलं होतं.

आणि वजन? माझा रेझर ऐंशी ग्रॅमचा आहे. तेवढं वजन पुरतं. दांडी अगदी शेवटाकडे, दोन बोटांत आणि अंगठ्यात धरा. मूठ आवळली की दाबणारच तुम्ही.

"मग आमचा न्हावी कसा खसाखस करतो?" ही कमेंट दर आठवड्याला येते. अहो, पुढच्या वेळी त्याचा दुसरा हात बघा! दुधारी ब्लेड कागदातच मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतो, आणि दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरतो. तो ताणतो, दाबत नाही. तुम्ही कातडी सैल ठेवून वरून जोर लावता, म्हणून रक्त.

अजूनही कळत नसेल तर मोबाईलवरचं गाणं बंद करा आणि ऐका. कोन बरोबर असेल तर बारीक खरखर ऐकू येते. आवाज गेला की हात आपोआप दाबायला लागतो. तिथेच थांबा, कोन बदला. जोर वाढवू नका.

मी हे शिकलो मावसभावाच्या हळदीच्या दिवशी. घाईत होतो, नवीन रेझर, नवीन ब्लेड, दिला जोर. हनुवटीवर कापलं. आणि मावशीने नेमकी तिथेच हळद चोपडली. "बरं झालं, औषधच आहे," म्हणाली. फोटोत सगळे हसतायत, माझ्या डोळ्यांत पाणी.

गळ्याचं वेगळं. तिथे केस सरळ खाली वाढत नाहीत. माझे डावीकडे आडवे जातात. दोन दिवस दाढी वाढू द्या, बोट फिरवा, जिकडे गुळगुळीत लागेल ती केसांची दिशा. पहिले दोन आठवडे त्या दिशेनेच, एकच हात, म्हणजे रेझर एकदाच फिरवा. उलटा हात, म्हणजे केसांच्या उलट दिशेने, नंतर.

शेवटी तुरटी. ओल्या गालावर फिरवा, गार पाण्याने धुवा. कृपा करून परदेशी डब्यातली 'अ‍ॅलम ब्लॉक' ऑनलाइन मागवू नका. ती तुरटीच आहे हो! किराणा दुकानात दहा-वीस रुपयांत खडा मिळतो. आणि जिथे ती झोंबेल, तिथे तुम्ही दाबलंय.

वापरलेली ब्लेडं सुटी कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. (डबा हलवून दाखवतो) हा जुना पावडरचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडली. तीन वर्षं झाली, अजून अर्धाही भरला नाही.