थेरपी सेंटरबाहेरच्या बाकड्यावर बसणाऱ्या आईबाबांसाठी

नमस्कार. थेरपी सेंटरबाहेरचं बाकडं तुमच्या ओळखीचं असेल. आत मुलाचं पंचेचाळीस मिनिटांचं सेशन, बाहेर आपण. कुणी ऑफिसचे मेल उरकतंय, कुणी डबा मांडीवर घेऊन न उघडताच बसलंय, बाकीचे फोनमध्ये. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, आणि त्या बाकड्यावर मी ६ वर्षं बसतोय. आज मला बाकड्यावर बसलेल्या माणसाबद्दल बोलायचंय.

दोन वर्षांपूर्वी माझी झोप गेली. मुलगा रात्री एकला उठायचा, चारला झोपायचा. तो झोपला तरी मी जागाच. छातीत धडधड. एका रात्री तो ओरडत होता आणि मी त्याचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. दुसऱ्या दिवशी जिन्यात बसून मी १४४१६ ला फोन लावला.

[पडद्यावर: टेली मानस, १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६]

टेली मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिच्यामागची मुख्य संस्था. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज असेल तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. २०२४ पासून त्यांचं ॲपही आहे.

आता माझी चूक ऐका. पलीकडच्या ताईंनी विचारलं, "बोला, काय त्रास होतोय?" आणि मी सुरू झालो. अडीच वर्षांचा असताना निदान झालं, अजून शब्द जोडत नाही, शाळेत शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्यासोबत बसणारी शिक्षिका, टिकत नाही... वीस मिनिटं मी त्याची फाइल वाचून दाखवली! सवयच तशी लागलीय. डॉक्टर, शाळा, नातेवाईक, जाईल तिथे आपण मुलाची हिस्टरी सांगतो. ताईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मी आभार मानले आणि स्वतःबद्दल एक अक्षर न बोलता फोन ठेवून दिला.

दुसऱ्यांदा लावला तेव्हा पहिलं वाक्य कागदावर लिहून ठेवलं होतं: "हा फोन माझ्यासाठी आहे. तीन महिने मी नीट झोपलो नाही, आणि परवा माझा माझ्यावर ताबा राहिला नाही." मग प्रश्न बदलले. किती तास झोपता? जेवण जातं का? दारू वाढलीय का? मरणाचे विचार येतात का? हा शेवटचा प्रश्न कुणी मला इतक्या साध्या आवाजात विचारेल असं वाटलं नव्हतं. मी "येतात" म्हणालो. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणून तुम्हीही ते एक वाक्य आधी लिहून काढा. मुलाचं वय आणि निदान सांगा, तेवढं पुरतं. समोरच्याला ऑटिझमची खोल माहिती असेलच असं नाही, पण झोप, धास्ती, राग, उदासी हे त्यांचं रोजचं काम आहे. उपाय नको असतील तर "फक्त ऐकून घ्या" असं सांगायलाही हरकत नाही. जिवावर बेतेल असं काही मनात त्या क्षणी असेल, तर मात्र फोनवर थांबू नका. घरातल्या कुणाला तरी उठवा, ११२ हा आपत्कालीन नंबर लावा, जवळचं रुग्णालय गाठा.

पुढचे उपचार व्हिडिओ कॉलवर होऊ शकतात. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले; नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर तपासून औषध लिहून देऊ शकतात, काही औषधांवर बंधनं आहेत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना आणि मुलाला सोडून बाहेर पडता येत नाही अशांना याचा मोठा आधार आहे. पण वन बीएचकेत बोलायचं कुठे? मी पार्किंगमधल्या गाडीत बसतो. कुणी गच्चीवर जातं. आणि ती बाकड्यावरची पंचेचाळीस मिनिटं आहेतच, इयरफोन लावून जरा लांब जाऊन बसायचं.

बाकड्यावरच्या आयांशी बोललात तर थकव्याच्याही आधी एक गोष्ट निघते: "माझंच काहीतरी चुकलं." गरोदरपणात मोबाइल बघितलास, टीव्हीसमोर बसवलंस, नोकरी सोडली नाहीस. हे बोलणारे घरचेच असतात. गेल्या शतकात तर अमेरिकेतले नावाजलेले तज्ज्ञसुद्धा आईच्या थंडपणाला दोष देत होते. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने तो समज खोडून काढला. तो स्वतः ऑटिस्टिक मुलाचा बाप होता. ऑटिझम मेंदूच्या जडणघडणीतून येतो आणि त्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. कुणी कुशीत कमी घेतलं म्हणून तो होत नाही.

या अपराधीपणावरच रात्री एक वाजता फोनमध्ये दुकानं उघडतात. व्हॉट्सॲपवर "मूल बरं झालं" म्हणणारे व्हिडिओ, लाखांची स्टेम सेलची, म्हणजे मूळपेशी टोचण्याची, पॅकेजं. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं नॅशनल मेडिकल कमिशन या डॉक्टरांवरच्या नियामक संस्थेच्या समितीने २०२२ मध्येच सांगितलंय. जो ग्रुप वाचून तुमची धडधड वाढते, त्यातून बाहेर पडा. मी दोन सोडले. एक ठेवलाय, तिथे लोक "आज चप्पल स्वतः घातली" एवढंच लिहितात.

फोनचा कॅमेरा मात्र कामाचा आहे. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने 'पास' नावाचा कार्यक्रम करून पाहिला, त्याचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. आई किंवा बाबा मुलाशी खेळतात, त्याचं चित्रीकरण होतं. मग तज्ज्ञ नसलेले पण शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते पालकांसोबत ते बघतात आणि त्यातले जमलेले क्षण थांबवून दाखवतात. आपण फक्त आकांडतांडव चित्रित करतो, डॉक्टरांना दाखवायला. मी आता आठवड्यातून एकदा खेळाची दोन मिनिटं टिपतो. ही थेरपी नव्हे. पण परवाच्या व्हिडिओत तो गाडी माझ्याकडे ढकलतो आणि माझ्या चेहऱ्याकडे बघतो. खेळताना मला ते दिसलंच नव्हतं.

शेवटी "आपल्यानंतर याचं काय?" समुपदेशनात हा प्रश्न येतोच आणि त्याचा निम्मा भाग कागदपत्रांचा आहे. ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे; त्याखाली, मूल १८ वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली स्थानिक समिती तो बघते. 'निरामय' आरोग्य विमाही तिथलाच, १ लाख रुपयांपर्यंतचा. पुढच्या मंगळवारी ती फाइल घेऊन बसतो.