उभी गाडी का थरथरते?

नमस्कार श्रोतेहो. रेल्वे गेटला गाडी उभी केली की स्टिअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा वरखाली होतो आणि गाडी पळायला लागली की सगळं शांत? तुमची गाडी डिझेलची असेल, तर आधी ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे जळका धूर पुन्हा इंजिनात सोडणारं छोटं दार, बघा. पुन्हा सांगतो, आधी ईजीआर व्हॉल्व्ह.

मला हे खानापूरच्या एका मेस्त्रींनी शिकवलं. भर पावसात आईला घेऊन गोव्याहून चोर्ला घाटातून परत येत होतो. त्याआधी शहरातल्या एका गॅरेजनं चारही इंजेक्टर बदला म्हणून सांगितलं होतं. जांबोटीत चहाला थांबलो, तर आई म्हणाली, "अरे, हिला हुडहुडी भरलीय काय?" तेवढ्यात गाडी बंदच पडली. कशीबशी खानापूरला आणली.

मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, कान लावला आणि स्वतःशीच म्हणाले, "मुच्चिल्ला." माझं कन्नड बेताचं. आईच म्हणाली, "मिटलं नाही म्हणतायत." "व्हय आक्का, दार मिटंना झालंय. धूर आत शिरालाय," मेस्त्री म्हणाले. इंजिन थंड होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि व्हॉल्व्ह खोलून पेपरवर ठेवला. आत करपलेल्या पिठल्यासारखा काळा थर! मी स्क्रू ड्रायव्हर उचलला, तशी आई ओरडली, "लोखंडानं खरवडू नको, कल्हई जाते!" मेस्त्रींनी मान डोलावली. दारावर चरा पडला की ते पुन्हा नीट बसत नाही. कार्बन क्लीनर, जुना टूथब्रश, लाकडाची काडी आणि शेवटी नवं गॅस्केट, एवढ्यावर काम झालं. परतताना गेटवर इंजिन चालू होतं आणि आई मागं गाढ झोपली होती.

थोडक्यात कारण सांगतो. हा व्हॉल्व्ह थोडा जळका धूर पुन्हा इंजिनात सोडतो. त्यानं आतली उष्णता उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइड हे विषारी वायू कमी तयार होतात. धुराची काजळी ऑइलच्या वाफेला चिकटते, दार अडकतं आणि उभ्या गाडीला हवा कमी, धूर जास्त मिळतो. इंजिन तापायच्या आत बंद होत राहिलं की काजळी आणखी साठते. टिळकवाडीत कोपऱ्यावरच्या दुधाला गाडी काढणारे बघितले की मला खरंच वाईट वाटतं. दूध आणायला पाय आहेत! पहाटेच्या हवेसारखं दुसरं औषध नाही, आणि ती बेळगावात अजून मिळते.

काहीजण पत्रा ठोकून व्हॉल्व्हच बंद करतात. तसं करू नका, मग ते विषारी वायू वाढतात आणि आपल्याच मुलांच्या छातीत जातात.

पुन्हा ऐका: इंजिन थंड, बॅटरी सुटी, लोखंड नको, गॅस्केट नवं. क्लीनर व्हॉल्व्हच्या मोटरवर उडू देऊ नका, आणि चालू डिझेल इंजिनात तर कधीच मारू नका. साफ करूनही थरथर राहिली, तर मेस्त्रींना स्कॅनर लावायला सांगा. काही गाड्यांच्या कॉम्प्युटरला दाराची जागा नव्यानं शिकवावी लागते.