‘येस सर’च्या आधी काय झालं?

मंडळी, गेल्या कोजागरीला मसाला दुधाचा पेला हातात घेऊन एका काकूंनी मला बाजूला नेलं. "माझ्या भाच्याला काही वर्षांपूर्वी इथून, अमेरिकेतून परत पाठवलं. परत पाठवायची ऑर्डरच चुकीची होती. आता कोर्टात खोडता येईल का रे?" इमिग्रेशनच्या वकिलाला पंगतीतही सुट्टी नसते!

खोडता येते, पण वाट अरुंद आहे. १९८४ साली नेब्रास्कात पकडलेल्या दोन मेक्सिकन माणसांना डेन्व्हरला नेऊन आणखी ११ जणांबरोबर एकाच सुनावणीत उभं केलं. वकील नाही. अपिलाचा हक्क त्यांनी नीट न समजताच सोडला आणि दुसऱ्या दिवशी ते सीमेपार. डिसेंबरात पुन्हा नेब्रास्कातच सापडले, तेव्हा बेकायदा परतल्याचा फौजदारी खटला भरला गेला. मूळ ऑर्डरच अन्यायाची, मग तिच्या जोरावर शिक्षा कशी? १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांचं म्हणणं मानलं.

१९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हा बचाव कायद्यात घातला, पण तीन अटी लावून. अपिलाची वाट आधी धरलेली हवी, कोर्टात दाद मागायची संधी हिरावलेली हवी, आणि ऑर्डर मुळातच अन्यायाची हवी. २०२१ चा पालोमार-सँटियागो खटलाही असाच, बेकायदा परतल्याचा. त्यातला माणूस ग्रीन कार्डवाला. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या जुन्या गुन्ह्यावरून त्याला १९९८ मध्ये घालवलं. पुढे २००४ च्या एका निकालाने तो आधारच निघून गेला. तरी नऊच्या नऊ न्यायाधीश म्हणाले, पहिल्या दोन अटींतून सूट नाही. मला हा निकाल कोरडा वाटतो. वकील नसलेल्या माणसाने कायद्यातली चूक ओळखून ३० दिवसांत अपील करायचं?

काकूंचा भाचा भारतात आहे, त्यामुळे त्याच्यावर असा खटला नाही. त्याला केस पुन्हा उघडायचा अर्ज करावा लागेल. त्याची साधारण मुदत ९० दिवस, तीही कधीच उलटलेली. सुनावणीची नोटीसच मिळाली नसती तर मुदत आड आली नसती, पण हा स्वतः हजर होता.

काकूंनी ऑर्डरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. एकच पान. तळाशी ‘अपील’, पुढे दोन पर्याय: राखून ठेवले, सोडले. खूण दुसऱ्यावर. भाच्याला फोन लावला, तर म्हणाला, "दादा, जज भराभर काहीतरी बोलले. मी येस सर म्हटलं."

या सुनावण्यांचं रेकॉर्डिंग होतं. ते आम्ही मागवलंय. त्या ‘येस सर’च्या आधी त्याला नेमकं काय विचारलं होतं, ते ऐकायचंय.