पॅटर्नला हात लावण्याआधी

(पणजीत दिलेल्या व्याख्यानातला काही भाग, संपादित)

मंडळी, पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतला पॅटर्न, म्हणजे मजकूर शोधायचा साचा, जुळला नाही की आपला हात आधी पॅटर्नवरच जातो. एक तारा काढा, एक कंस घाला, मागे प्रश्नचिन्ह लावून बघा. यात अख्खी दुपार जाते. माझा आग्रह एवढाच, की आधी ती ओळ तपासा ज्यावर तो पॅटर्न चालवताय.

समजा, म्हापशापासून काणकोणपर्यंतच्या पत्त्यांची मराठी फाइल आहे आणि ओळीच्या शेवटचा पिनकोड काढायचाय. पॅटर्न सरळ आहे: सहा अंक, मग ओळीचा शेवट सांगणारं डॉलरचं चिन्ह. तरी एकही ओळ जुळत नाही. फाइल विंडोजवर तयार झाली असेल, तर ओळीच्या टोकाला कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन अशी न दिसणाऱ्या चिन्हांची जोडी असते. ओळीचं टोक छाटणारं पर्लचं चॉम्प हे फंक्शन लिनक्सवर त्यातली न्यूलाइन तेवढी काढतं. ओळ चौकोनी कंसांत घालून छापा. शेवटचा कंस उडी मारून ओळीच्या सुरुवातीला बसला, तर चोर सापडला म्हणून समजा. शेवटची मोकळी जागा (कॅरेज रिटर्न तिच्यातच मोडतो) पुसून टाकली की काम झालं.

फाइल यूटीएफ-८ (युनिकोड चिन्हं बाइटांत साठवायची पद्धत) म्हणून उघडली नाही, तर पर्लच्या हाती अक्षरं येतच नाहीत, सुटे बाइट येतात. 'गोवा' या शब्दात आपण दोन अक्षरं मोजतो, युनिकोड चार चिन्हं मोजतं आणि बाइट भरतात १२. मग कोणतंही एक चिन्ह पकडणाऱ्या, पॅटर्नमधल्या टिंबाला एका चिन्हाचा तिसरा हिस्सा सापडतो. फाइल नीट उघडली, की अंक शोधणारा बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकही ओळखतो. पण लगेच खूश होऊ नका. जुळलेल्या '४०३४०१' मध्ये शून्य मिळवून पाहा, उत्तर शून्यच येतं! पॅटर्न ज्याला अंक म्हणतो, त्याला बेरीज अंक मानत नाही. फक्त इंग्रजी आकडे हवे असतील, तर पर्ल ५.१४ पासून पॅटर्नमागे 'ए' लावायची सोय आहे.

आता खरी गंमत. 'किनाऱ्याजवळ' हा शब्द शोधायचाय. गोव्यातल्या पत्त्यांत तो येणार, हे काय सांगायला हवं? त्यातला 'ऱ्या' टंकायच्या निदान तीन तऱ्हा आहेत. कोणी 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह वापरतं, कोणी 'र'ला नुक्ता (खालचा ठिपका) जोडतं, कोणी 'र', हलन्त आणि न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे, पर्लच्या लेखी तीन निराळे शब्द. पर्लसोबतच येणाऱ्या युनिकोड::नॉर्मलाइझ मॉड्यूलमधलं एनएफसी हे फंक्शन पहिल्या दोन तऱ्हा एक करतं. तिसरीला ते हात लावत नाही, ती आपणच बदलून घ्यायची. शंका आली की डेटा::डंपर या मॉड्यूलचं यूज-क्यूक्यू हे सेटिंग चालू करून ओळ छापा. 'ऱ'चा युनिकोड क्रमांक ९३१ कुठे आहे, 'र'चा ९३० आणि नुक्त्याचा ९३सी कुठे, झेडडब्ल्यूजेचा २००डी कुठे दडलाय, सगळं हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) उघडं पडतं. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यानं तर हे पहिल्याच दिवशी करावं.

मघाशी एक चिठ्ठी आली: पॅटर्न फसला, तरी डॉलर-एकमध्ये (पॅटर्नमधल्या पहिल्या कंसानं पकडलेला मजकूर जिथे राहतो, त्या व्हेरिएबलमध्ये) काहीतरी कसं येतं? एकाच ब्लॉकमध्ये दोन पॅटर्न पाठोपाठ चालवले आणि दुसरा फसला, तर पहिल्यानं पकडलेलं तिथे तसंच राहतं. फसलेली जुळणी ते पुसत नाही. तेव्हा डॉलर-एक वाचायचा तो पॅटर्न जुळला का हे तपासणाऱ्या इफच्या आतच.