अमेरिकेतली दुष्काळी कामं

मंडळी, 1929 म्हटलं की आपल्याला अमेरिकेतला कोसळलेला शेअर बाजार आठवतो, पण त्यावर ढीगभर बोलून झालंय. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या महामंदीत जी माणसं रस्त्यावर आली त्यांना सरकारने काय दिलं आणि कसं दिलं याबद्दल, आणि माझ्या मते "कसं" हाच जास्त महत्त्वाचा भाग आहे.

1933 पर्यंत साधारण चारातला एक कामगार बेकार होता, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास माणसं. केंद्राकडून बेकारी भत्ता नाही, म्हातारपणाची पेन्शन नाही, आणि हजारो बँका बुडालेल्या, त्यामुळे गाठीला बांधलेलं पण गेलं. पत्रे, खोकी, जुनी लाकडं जमवून लोकांनी झोपड्या टाकल्या आणि त्या वस्त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या नावाने हूवरव्हिल म्हणायला लागले. आता हा हर्बर्ट हूवर म्हणजे पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी लोकांना अन्न पोचवून जगभर नाव कमावलेला माणूस बरं का! पण आपल्याच देशात केंद्राच्या तिजोरीतून थेट मदत दिली तर लोक ऐदी होतील हे त्याच्या डोक्यात पक्कं, ते काम गावाने, चर्चने, रेडक्रॉसने करावं. 1930 च्या दुष्काळात तर बियाण्याला आणि जनावरांच्या चाऱ्याला सरकारी कर्ज द्यायला तो तयार, माणसांच्या जेवणाला मात्र नाही. जानेवारी 1931 मध्ये आर्कान्सामधल्या इंग्लंड नावाच्या छोट्या गावात शेकडो शेतकरी दुकानांपुढे जमले, पोरं उपाशी आहेत, धान्य द्या नाहीतर घेतो म्हणून.

मार्च 1933 मध्ये हूवरच्या जागी रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले आणि मे महिन्यात त्यांनी मदतीचं खातं हॅरी हॉपकिन्स नावाच्या समाजसेवकाकडे सोपवलं. पहिल्या दोन तासांतच त्याने राज्यांना 50 लाखांवर डॉलर वाटून टाकले. पुढे जाऊन सगळं आपोआप सुधारेल असं कोणी म्हटलं तर त्याचं उत्तर ठरलेलं, माणसं पुढे जाऊन जेवत नाहीत, रोज जेवतात.

पण गंमत बघा, नुसती मदत वाटणं त्याला स्वतःलाच पटायचं नाही. कारण मदत हवी तर तपासनीस घरी येणार, कमाई विचारणार, नातेवाईक काय देतात विचारणार, आणि एवढं करून हातात बऱ्याच ठिकाणी रोख नाहीच, किराण्याची चिठ्ठी, ती घेऊन ओळखीच्याच दुकानदारापुढे उभं राहायचं. म्हणून नोव्हेंबर 1933 मध्ये त्याने नुसत्या कामाची योजना काढली, सीडब्ल्यूए (सिव्हिल वर्क्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन), आणि दोन-अडीच महिन्यांत 40 लाखांवर लोक रस्ते, शाळा, गटारं यांच्या कामावर लावले, त्यातले निम्मे तर मदतीच्या यादीबाहेरचे, घरात डोकावणं नाही, आठवड्याचा पगार रोख. हे मला त्या सगळ्या काळातलं सर्वात धाडसी काम वाटतं, आणि नेमकं तेच खर्च फार होतो म्हणून मार्च 1934 मध्ये गुंडाळलं.

1935 ला डब्ल्यूपीए (वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) हे काम देणारं नवं सरकारी खातं आलं, ते 1943 पर्यंत चाललं, एकूण 85 लाख माणसांना काम मिळालं. नटांना, चित्रकारांना, लेखकांना पण; गुलामीत जन्मलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी या लेखकांनीच लिहून घेतल्या. तरी लोक हसायचेच, की हे फावड्याला टेकून उभे राहायचे पैसे घेतात. आपल्याकडे 72 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांबद्दल आणि नंतर रोजगार हमीबद्दल पांढरपेशे जे बोलायचे, ते आणि हे सेम.

बरं, नियम घरटी एकालाच काम, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याला. आणि दक्षिणेत कापूस वेचणीचा हंगाम आला की काही ठिकाणचे अधिकारी ही कामंच बंद करायचे, कारण जमीनदाराला स्वस्तात मजूर हवेत, आणि ते मजूर बरेचसे काळे. 1935 चाच सोशल सिक्युरिटीचा कायदा घ्या, म्हातारपणाची पेन्शन आली खरी पण शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले. त्यांच्यासाठी दार उघडायला सुरुवात झाली ती थेट 1950 मध्ये, तोवर मंदी संपून महायुद्धही होऊन गेलं होतं.