न छापलेली गोष्ट

नमस्कार मंडळी.

मंडळाने बोलावलं आणि विषयही माझ्यावरच सोपवला, त्याबद्दल आभार. मी एक इंग्रजी शब्द निवडला आहे: ॲनेकडोट. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत तो ‘ॲन्टिडोट’ असा छापला गेलाय, म्हणजे विषावरचा उतारा. छापणाऱ्याला नावं ठेवू नका, इंग्रजीत जन्म गेलेले लोकही ह्या दोन शब्दांत फसतात.

अर्थ आधी सांगून टाकतो. कुणा खऱ्या माणसाबद्दलचा, घडलेला म्हणून सांगितलेला, छोटासा प्रसंग म्हणजे ॲनेकडोट. ह्यातलं ‘घडलेला म्हणून सांगितलेला’ हे नीट धरून ठेवा. विनोद ऐकून ‘हे खरंच झालं का हो?’ असं कुणी विचारलं तर आपण त्याच्याकडे बघतच राहतो. ॲनेकडोट ऐकून तोच प्रश्न विचारला तर तो रास्त असतो. फक्त तो सहसा कुणी विचारत नाही, आणि ह्या शब्दाची बरीचशी भानगड तिथेच आहे.

शब्द मूळचा ग्रीक, ‘अनेक्दोता’. त्यातला ‘अन्’ म्हणजे आपल्या अनादी-अनंतमधलाच नकार. ‘एक्’ म्हणजे बाहेर. आणि ‘दोत’ हा आपल्या ‘दत्त’चा चुलतभाऊ, दिलेलं. थोडक्यात, बाहेर न दिलेलं, अप्रकाशित. गोष्ट, किस्सा, गंमत ह्यातलं काहीही त्या शब्दात नव्हतं. होतं ते एवढंच की हे लिहिलंय, पण लोकांपुढे आलेलं नाही.

मग तो गोष्टींना कसा चिकटला? सहाव्या शतकात, बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा सम्राट जस्टिनियन ह्याच्या काळात प्रोकोपियस नावाचा इतिहासकार होऊन गेला. सम्राटाच्या युद्धांचा इतिहास त्याने लिहिला, बांधकामांची स्तुती करणारा ग्रंथही लिहिला. आणि सोबत, कुणाला न दाखवता, तिसरं एक बाड लिहिलं. त्यात जस्टिनियन, सम्राज्ञी थिओडोरा, सेनापती बेलिसेरियस ह्यांची यथेच्छ धुलाई आहे. सम्राट हा माणसाच्या रूपातला सैतान आहे, इथवर मजल जाते. त्या बाडाला पुढच्यांनी ‘अनेक्दोता’ म्हटलं, कारण ते खरोखरच अप्रकाशित होतं. छापलं गेलं ते थेट १६२३ मध्ये. म्हणजे हजार वर्षांनी छापून आलं तरी नाव तेच राहिलं, ‘न छापलेलं’!

त्या बाडात दरबारातल्या आतल्या गोष्टी होत्या, त्यामुळे शब्दाचा अर्थही हळूहळू ‘आतली गोष्ट’ असा झाला. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशात जो अर्थ दिला तो जुनाच होता, अजून प्रसिद्ध न झालेलं काही, गुप्त इतिहास. पुढे १७७३ च्या आवृत्तीत त्याने भर घातली की माणसाच्या खासगी आयुष्यातला बारीकसा प्रसंग, असाही अर्थ आहे. कोशकाराला अठरा वर्षांत आपलीच नोंद वाढवावी लागली, इतक्या वेगाने शब्द घसरत होता. आज जी गोष्ट माणूस जेवणाच्या टेबलावर दहाव्यांदा सांगतो तिला ॲनेकडोट म्हणतात.

आता आपल्याकडचा शब्द घ्या. शब्दकोश उघडलात तर ॲनेकडोटसमोर बहुतेक वेळा ‘आख्यायिका’ सापडेल. मला तो प्रतिशब्द पटत नाही. पण आख्यायिकेचा प्रवास मात्र बघण्यासारखा आहे. अमरकोशात म्हटलंय, ‘आख्यायिकोपलब्धार्था’, म्हणजे जिचा विषय आधीच ठाऊक आहे, घडून गेलेला आहे, ती आख्यायिका. लेखकाने रचलेली ती कथा. बाणभट्टाचं हर्षचरित आख्यायिका आहे कारण राजा हर्ष खरा होता, आणि कादंबरी ही कथा. (त्या एका कथेच्या नायिकेचं नाव आपण पुढे अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.) आणि आज? ‘अशी आख्यायिका आहे’ असं म्हटलं की ऐकणारा समजतो, ह्याला पुरावा नाही. संस्कृतात घडलेल्याला दिलेलं नाव मराठीत न घडलेल्याकडे गेलं.

म्हणून तुम्ही ऑफिसातल्या साहेबाबद्दलच्या ॲनेकडोटला मराठीत आख्यायिका म्हणालात, तर साहेब एकदम पौराणिक होतात. ‘किस्सा’ पुष्कळ जवळचा आहे. पण किस्सा म्हटला की ऐकणारा हसायच्या तयारीने बसतो, आणि ॲनेकडोट दुःखाचाही असू शकतो. ‘आठवण’ म्हणावं तर ती ज्याची त्याची असते, आणि ॲनेकडोट दुसऱ्याचा, मेलेल्याचा, कधी न भेटलेल्याचाही चालतो. मी स्वतः ‘प्रसंग’ म्हणतो. फिका आहे, पण खोटं बोलत नाही.

घडलेला प्रसंग सांगता सांगता कसा फुगतो, त्याला न्यूटनचं सफरचंद हे उत्तम उदाहरण. विल्यम स्ट्यूकली ह्या मित्राने लिहून ठेवलंय की १५ एप्रिल १७२६ रोजी जेवण झाल्यावर ते दोघे बागेत सफरचंदाच्या झाडांखाली चहा घेत बसले होते. तेव्हा न्यूटन म्हणाला, गुरुत्वाकर्षणाची कल्पना सुचली ती अशाच वेळी, सफरचंद पडताना पाहून. न्यूटन तेव्हा ८३ वर्षांचा होता आणि साठेक वर्षांपूर्वीचं सांगत होता. स्ट्यूकलीने हे सविस्तर लिहिलं १७५२ मध्ये. म्हणजे सफरचंद अगदीच हवेतलं नाही. पण ते डोक्यावर आपटल्याचं स्ट्यूकलीच्या लिखाणात कुठेही नाही. ते आपण आपटवलं!

वापराबद्दल एक कामाची गोष्ट. नोकरीच्या मुलाखतीत ‘अडचणीतून वाट काढल्याची एखादी वेळ सांगा’ असं विचारतात, तेव्हा समोरच्याला ॲनेकडोट हवा असतो. आपल्यातले बरेच जण ‘मी अडचणीत डगमगत नाही’ असं उत्तर देतात. हे स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्रक झालं. कोण होतं, काय अडलं, तुम्ही काय केलं, हे आलं की ॲनेकडोट झाला. दीड मिनिटात आटपला पाहिजे, नाहीतर त्याला दुसरं नाव द्यावं लागेल.

विशेषण केलं की मात्र ह्या शब्दाचा चेहराच बदलतो. ‘ॲनेकडोटल’ ही जवळजवळ शिवी आहे. तुम्ही म्हणालात की अमुक औषधाने माझ्या काकांना बरं वाटलं, तर डॉक्टर म्हणतील, हे ॲनेकडोटल आहे. काही जण ह्याला मराठीत ‘सांगोवांगी’ म्हणतात, आणि ते चूक आहे. काका डोळ्यांदेखत बरे झालेले असतात! म्हणायचं असतं ते एवढंच की एकदोन उदाहरणं आहेत, मोजणी नाही.

पण मोजणीआधी कुणाला तरी एक उदाहरण खटकावं लागतं. गरोदरपणातल्या मळमळीवर दिलं जाणारं थॅलिडोमाइड हे औषध घेतलेल्या स्त्रियांची बाळं व्यंग घेऊन जन्माला येत आहेत हे ऑस्ट्रेलियातले प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड ह्यांच्या लक्षात आलं. डिसेंबर १९६१ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात जेमतेम काही ओळींचं पत्र लिहिलं आणि शेवटी विचारलं, तुमच्यापैकी कुणी असं पाहिलंय का? जर्मनीत विडुकिंड लेन्झ स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले होते आणि तिथलं औषध नोव्हेंबरातच मागे घेतलं गेलं होतं. मॅकब्राइड ह्यांची पुढची हकीकत फारशी सांगितली जात नाही. दुसऱ्या एका औषधावरच्या संशोधनात आकडे खोटे दिल्याबद्दल १९९३ मध्ये त्यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदणीतून काढलं गेलं. म्हणजे त्यांचा ॲनेकडोट खरा निघाला आणि डेटा खोटा.

‘ॲनेकडोटचं अनेकवचन म्हणजे डेटा नव्हे’ हे वाक्य तुम्ही मीटिंगांमध्ये ऐकलं असेल. रेमंड वुल्फिंगर हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक १९६९-७० च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये जे म्हणाले, त्यात शेवटचा ‘नव्हे’ नव्हता. साध्या वस्तुस्थितीला एका विद्यार्थ्याने ‘हा नुसता ॲनेकडोट’ म्हणून झटकलं, तेव्हा ते म्हणाले, ॲनेकडोटचं अनेकवचन म्हणजेच डेटा. वाक्य तोंडातोंडी फिरलं आणि बरोब्बर उलटं झालं. स्वतः ॲनेकडोटच असल्यासारखं.

जाता जाता आणखी एक शब्द, ‘ॲनेकडोटेज’. म्हातारपणातल्या बरळण्याला इंग्रजीत ‘डोटेज’ म्हणतात, त्यावरची ही कोटी. आयझॅक डिझरेली ह्या गृहस्थांनी १७९३ मध्ये ॲनेकडोटवर एक अख्खा प्रबंध लिहिला होता. त्यांचाच मुलगा बेंजामिन, जो इंग्लंडचा पंतप्रधान झाला, त्याने १८७० मध्ये आपल्या कादंबरीत एका पात्राच्या तोंडून म्हटलंय की माणूस ॲनेकडोटेजमध्ये पोचला की त्याने जगातून निवृत्त व्हावं. माझं वय तुम्हाला दिसतंच आहे. पुढच्या वक्त्या माइकजवळ येऊन उभ्या आहेत.